पहिली हार

मृण्मयी कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतीत आजवर एकदाही हरली नव्हती. तिच्या वर्गातलं कुणीच हरलं नव्हतं. गिऱ्हाईक रुसू नये म्हणून भाड्याचे कॉम्प्युटर सगळ्यांनाच मुद्दाम जिंकवायचे. आपण खरंच भारी आहोत का, हे कळावं म्हणून तिने सुटे भाग आणून स्वतःचा कॉम्प्युटर जोडला.

बटण दाबलं, तर पडदा काळाच!

“काय इंजिनीअरबाई, बोंबललं ना?” दादाने चिडवलं.

“गप रे!” तिने वीज बंद करून अर्धवट बसलेली रॅम अंगठ्यांनी खटकन दाबली. मग पंखे घुमले, शर्यत रंगली आणि तिची गाडी सगळ्यात शेवटी आली.

“हरलीस की गं!”

“हो ना!” ती आनंदाने किंचाळली. “आता जिंकले ना दादा, तर खरीखुरी जिंकेन! सरक, पुन्हा खेळू दे.”