नाइस शर्ट

कुणाला कामावरून काढायचं असलं, की आमच्या एचआर मॅडम आधी त्याच्या कपड्यांचं कौतुक करायच्या, तेही इंग्रजीत. "नाइस शर्ट! ब्लू सूट्स यू." "थँक्यू मॅम," म्हणत माणूस जरा सुखावला, की मग हळूच बातमी. ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलं होतं म्हणे. पुढेपुढे तर ऑफिसात नवा कपडा घालायला कुणी धजेना.

काल मॅडम तपासणीचा निकाल ऐकायला दवाखान्यात गेल्या. "काही नसेल गं, उगाच धसका घेतेस," बहीण वाटेत समजावत होती. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मॅडमकडे बघत गोड हसून म्हणाल्या,

 

"लव्हली ड्रेस!"