निघतानाचा शब्द

“आठ दिवस सुट्टीवर काय गेलो, निघताना ‘येतो’ म्हणायची रीतच गेली इथली. चोरासारखे सटकून राहिले सगळे,” प्रयोगशाळेतला मदतनीस शेखर कुरकुरला.

पद्मिनीताई टेबलावरची पिशवी पुसत होत्या. दानात मिळालेली किडनी शरीराबाहेर जिवंत ठेवणारी ही मऊ रबरी पिशवी त्यांनीच घडवली होती. आज तिच्यात ठेवायची पहिली किडनी शहराबाहेर अभनपूरपर्यंत पोचली होती, आणि ती त्यांच्याच भावाला, मारोतीला, बसवायची होती. दुसरी पिशवी नव्हती.

“चहा सांगून येतो, ताई.”

“तसं नको म्हणू रे,” त्या म्हणाल्या, पण शब्द तोंडून निघून गेला होता.

पंपाची वायर काढलेली होती. तरी रिकामी पिशवी हळूच फुगली. गेले आठ दिवस निघताना कोणी ‘येतो’ म्हटलं की ती फुगायची आणि ओसरायची. म्हणून सगळे व्होल्टेजला नावं ठेवून, ‘येतो’ न म्हणताच घरी जायचे. आज ती ओसरली नाही.

ताईंनी भीत भीत हात ठेवला. रबर कोमट लागलं, आणि आतून तळहाताला हलकी ढुशी बसली.

खाली ॲम्ब्युलन्सचा सायरन येऊन थांबला.

“ताई,” शेखर हलणाऱ्या पिशवीकडे पाहत हळू आवाजात म्हणाला, “किडनी ठेवाले जागा नाही. आत कोणीतरी येऊन बसलं आहे.”