खानाची चादर

कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मेघानं मंगोलांच्या खानाची गोष्ट काय सांगितली, ती तिच्या सासूच्या, पारूबाईंच्या डोक्यातून जाईचना. सरदारांनी म्हणायचं, "गादीवर तुम्हीच बसा." खानानं मात्र आधी नको-नको करायचं, दुसऱ्या थोरामोठ्यांची नावं घ्यायची. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो. मग सगळ्यांनी गळ घालायची, त्याला पांढऱ्या लोकरीच्या जाजमावर बसवायचं आणि चारी कोपरे धरून उचलायचं. पारूबाईंनी ही गोष्ट अख्ख्या गल्लीला ऐकवली.

रविवारी हर्सूलच्या विहारात महिला मंडळाची अध्यक्ष निवडायची होती. पारूबाईंना ते पद लई हवं होतं. त्या मेघाला आणि एक पांढरीशुभ्र चादर सोबत घेऊनच गेल्या. चादर मधोमध अंथरली.

"पारूबाई, अध्यक्ष तुम्हीच व्हा," बायका म्हणाल्या.

पारूबाईंना गुदगुल्या झाल्या. पदर सावरत त्या म्हणाल्या, "नको गं बायांनो. माझ्यापरीस आशाबाई मोठ्या हायेत."

"व्हय की!" म्हणत आशाबाई टुणकन चादरीवर जाऊन बसल्या. "उचला आता!"

विहारात हशा पिकला. तिघींनी तीन कोपरे धरले. बाकीच्या हसून लोळत होत्या. शेवटी पारूबाईंनीच पदर खोचला, चौथा कोपरा धरला आणि हसता हसता ओरडल्या, "मेघा, त्या खानाच्या मुलखात एक पण आशाबाई नव्हती व्हय गं?"