फ्रिजच्या दारातला खोका

विमा कंपनीने कोरीनचं वजन कमी करायचं इंजेक्शन बदलून दुसरं मंजूर केलं, तेव्हा फार्मसीतल्या बाईंनी बजावलं होतं, "जुनी उरलेली इंजेक्शनं घरात ठेवू नका."

"फ्रिजमध्ये पडून कुणाला चावणारेत?" म्हणून कोरीन हसली होती.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला आईकडे सगळे जेवायला जमले. दर शनिवारी कोरीनच्या घरी बाळ सांभाळायला येणाऱ्या धाकट्या बहिणीने, टेसाने, टर्कीला हातही लावला नाही.

"बहिणीची कंबर बघ," आई कोरीनला म्हणाली. "नाहीतर तू, दर आठवड्याला सुई टोचूनही तश्शीच."

सगळे हसले. टेसाही हसली, आणि ताट उचलताना चक्कर येऊन कोसळली.

टेसाला इस्पितळात पोचवून घरी परतल्यावर कोरीनने फ्रिजच्या दारातला जुन्या इंजेक्शनांचा खोका उघडला. तिने न वापरता ठेवलेलं आतलं प्रत्येक इंजेक्शन कुणीतरी वापरून रिकामं केलेलं होतं.



आता कोरीन भेटेल त्याला सांगते, "घरातली पोर बारीक झाली तर कौतुक नंतर करा, आधी जेवलीस का ते विचारा."