खात्रीचा फोन

धसईबाहेरच्या खांबावर तार जोडायची होती. लाइनमन वाल्मिकने उपकेंद्राला फोन लावला. ड्युटीवर रेश्मा मॅडम होत्या. “लाइन अजून चालू आहे,” त्या म्हणाल्या. “बंद केली की मीच फोन करते. तोवर चढू नका.”

वाल्मिकने लगेच उपकेंद्रातल्याच दुसऱ्या ऑपरेटरचा, अक्षयचा नंबर लावला. रेश्मा मॅडमनी काहीही सांगितलं की तो अक्षयला विचारून खात्री करून घ्यायचा. गेल्याच आठवड्यात ऑफिसच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘स्त्री सहकाऱ्यावर तुम्ही कमी विश्वास ठेवता का?’ त्याने ‘नाही’ लिहिलं होतं, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

स्पीकरवर अक्षयच्या आवाजामागे बँजो दणाणत होता. “दहाचा शटडाउन ना? साडेदहा झाले. कधीच बंद झाली असंल. चढ बिनधास्त!”

“मॅडम थांबा बोलल्या ना रे?” शिडी धरून उभा असलेला महादू म्हणाला. दोघं वीस वर्षं एकत्र काम करत होते.

“तिला स्विचला हात लावायलाच तास लागतो,” वाल्मिक फोन खिशात टाकत म्हणाला. “ घरी नवऱ्याला पण जेवायला थांबा बोलत असंल.”

महादू हसला. वाल्मिक चढू लागला.

 

वर त्याने तारेकडे हात नेला, तेव्हा खाली महादूला आठवलं, आज अक्षयच्या बहिणीची हळद होती आणि अक्षय दोन दिवसांपासून सुट्टीवर होता.