आजची भावना

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण सामाजिक संस्थांना माणुसकीचे सल्ले देणाऱ्या आमच्या ऑफिसात मी इतका बधिर झालो होतो, की उकळता चहा मांडीवर सांडला तरी अहवाल लिहीतच राहिलो.

रोज सकाळी गोलात बसून आपली भावना सांगायची. सगळे म्हणायचे, “उत्साही!” एकदा मी म्हणालो, “आई शेवटच्या घटका मोजतेय.” आमच्या साहेब मॅडम म्हणाल्या, “ही भावना नाही, माहिती झाली.” मी म्हणालो, “उत्साही.”

कँटीनमध्ये हा किस्सा ऐकणाऱ्या ऑफिसातल्या नव्या पोरी हसल्या. मी रंगात आलो. “मग मॅडमच म्हणाल्या, ‘चौगुले, लॅपटॉप ठेवा, आईकडे जा.’ गेलो. आईनं माझ्या हातून पाणी घेतलं.”

“काका,” त्यांच्यातली, आता त्याच मॅडमच्या हाताखाली काम करणारी रेवती हळूच म्हणाली, “त्या कुणालाच जा म्हणत नाहीत. तुम्ही गेलाच नव्हतात.”