डोळे मिटा

“चला, डोळे मिटा, प्रार्थना करू या,” रेव्हरंड खरात सवयीप्रमाणे म्हणाले. समुपदेशनाची प्रत्येक भेट ते अशीच संपवत.

समोर बसलेली एस्तेर दचकली. “नको, पाळकसाहेब. डोळे मिटले की तो ट्रकच अंगावर येतो.” तिचा भाऊ तिच्यादेखत अपघातात गेला होता.

धक्का बसलेल्या माणसांना सावरण्यात खरातांची हयात गेली, पण एवढी साधी गोष्ट कधी त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना केली.

रविवारी एस्तेर चर्चमध्ये आली. तिला एकटं वाटू नये म्हणून खरातांनी तिथेही डोळे मिटले नाहीत. सगळी मंडळी माना खाली घालून, डोळे मिटून उभी होती. मागच्या बाकाजवळ त्यांची बायको मात्र टक्क उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत होती.

दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, “तू प्रार्थनेत डोळे मिटत नाहीस? कधीपासून?”

“आपल्या आशिषला विहिरीतून वर काढलं, तेव्हापासून,” त्यांच्या पानात भात वाढत ती म्हणाली. “तुमचे मिटलेले असायचे ना.”